पाठ टेकल्यानंतरची कुस्ती

ब्राझिलियन जिउ-जित्सूची गुणपद्धत नवख्याला एका ठिकाणी हमखास कोड्यात टाकते. प्रतिस्पर्धी तुमच्या छातीवर बसलाय, म्हणजे माउंटमध्ये आहे, आणि तुम्ही जीव खाऊन त्याला उलथवून वर आलात, तर गुण शून्य. तोच प्रतिस्पर्धी तुमच्या दोन पायांच्या मध्ये, म्हणजे गार्डमध्ये असताना उलथवलात आणि वर येऊन तीन सेकंद टिकलात, तर दोन गुण. घाम बहुतेक वेळा पहिल्या प्रकारातच जास्त गळतो. पण आयबीजेजेएफ या मुख्य संघटनेच्या नियमांचा हिशेब वेगळा आहे. माउंटखाली तुम्ही अडचणीत होता आणि अडचणीतून सुटलात, तर सुटका हेच तुमचं बक्षीस. गार्ड मात्र अडचण मानलेलीच नाही. पाठ जमिनीला असली तरी दोन पाय मध्ये आहेत, हात मोकळे आहेत, गळा आवळता येतो, हात मोडता येतो. तिथून केलेली पलटी म्हणजे हल्ला, म्हणून तिला गुण. या पलटीलाच स्वीप म्हणतात. उभ्याने खाली पाडण्याइतकीच, म्हणजे टेकडाउनइतकीच तिची किंमत आहे.

आपल्याकडच्या माणसाला हे पचायला जड जातं, आणि ते साहजिक आहे. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल लागला. अस्मान दिसलं की हलगी थांबली. मॅटवरच्या फ्रीस्टाइलमध्येही नुसती पाठ मॅटकडे वळली तरी समोरच्याला दोन गुण जातात. मुंबई-पुण्याच्या जिममध्ये तालमीतून आलेला पोरगा जिउ-जित्सू शिकायला उभा राहतो तेव्हा उभ्याने तो कोणाला ऐकत नाही. पण त्याला खाली पाठीवर झोपवा, त्याची चुळबुळ सुरू होते. पहिली संधी मिळताच तो पोटावर वळतो, कारण वर्षानुवर्षांची सवयच तशी आहे. या खेळात पोटावर वळणं म्हणजे समोरच्याला पाठ देणं. चार गुण जातात आणि मागून गळ्याभोवती हात येतो. पाठ टेकून शांत राहणं हे त्याला नव्याने शिकावं लागतं. स्वीप त्यानंतर.

मग हे नक्की घडतं कसं? बघणाऱ्याला वाटतं, खालच्याने वरच्याला उचलून फेकलं. तसं ते नसतं. ऐंशी किलोचा माणूस पाठीवरून उचलून फेकणं कोणाच्याच आवाक्यातलं नाही. वरचा माणूस दोन गुडघे आणि दोन हात अशा चार टेकूंवर उभा असतो. तो एका बाजूला कलला की त्या बाजूचा हात आपोआप जमिनीकडे जातो, गुडघा सरकतो, आणि तोल सावरतो. स्वीप करणाऱ्याचं पहिलं काम हा हात आणि हा गुडघा बांधून टाकणं. दुसरं काम, त्याचं वजन त्याच्या बुडाखालून काढून आपल्या अंगावर घेणं. तिसरं, ज्या बाजूचे टेकू गेलेत नेमक्या त्याच बाजूला ढकलणं. ही तीन कामं झाली की बाज एका बाजूचे पाय काढल्यावर कलते तसा माणूस कलतो, ताकद नावापुरती लागते. यातलं एक जरी राहिलं, तरी जगातला सगळा जोर लावून काही होत नाही.

सिझर स्वीप जवळून पाहिला तर हे स्पष्ट दिसतं. जवळजवळ प्रत्येक ॲकॅडमीत पहिल्या काही आठवड्यांत शिकवतात तो हा डाव. समोरचा गुडघ्यांवर, तुमच्या पायांच्या मध्ये. तुमचा उजवा हात त्याच्या गीच्या, म्हणजे जाड अंगरख्याच्या, कॉलरमध्ये खोल, डाव्या हातात त्याची उजवी बाही. गार्ड उघडायचा, कंबर सरकवून डाव्या कुशीवर यायचं, उजव्या पायाची नडगी त्याच्या पोटावर आडवी, डावा पाय जमिनीवर, त्याच्या उजव्या गुडघ्याला खेटून. आता उजवी नडगी ढकलते, डावा पाय कापतो, आणि तो तुमच्या डावीकडे पडतो. त्याचा उजवा हात तुमच्या मुठीत आहे, उजवा गुडघा तुमच्या पायाने अडवला आहे. टेकवायला त्याच्याकडे काहीच नाही. पडल्या पडल्या तुम्ही सरळ माउंटमध्ये पोचता, म्हणजे दोनावर आणखी चार गुण.

वाचायला सोपं. मॅटवर दहापैकी आठ नवखे इथे अडकतात, आणि अडकण्याचं कारणही बहुधा एकच असतं. पाय कापण्याच्या आधी समोरच्याला कॉलरने आपल्याकडे ओढायचं असतं, इतकं की त्याचं बूड टाचांवरून उठून वजन तुमच्या नडगीवर यावं. तो टाचांवर बसलेला असताना कापाकापी केली तर पाय नुसते हवेत फिरतात आणि तो शांतपणे बघत राहतो. मग नवखा जोर वाढवतो. जोर वाढवला की पकड ढिली पडते. पायांची हालचाल लक्षात राहते, ओढणं विसरतं. कारण पाय दिसतात, वजन दिसत नाही.

या स्वीपवरून उभ्याने मारायच्या कात्रीची आठवण कोणाला झाली, तर ती गोष्ट वेगळी. ज्यूदोत तिला कानी-बासामी म्हणतात. १९८० साली जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुमियो एंदोने ती मारली आणि यासुहिरो यामाशिताचा पाय मोडला. ज्यूदोने पुढे ती बंद केली, आयबीजेजेएफच्या नियमांतही ती बसत नाही. जमिनीवरच्या सिझर स्वीपमध्ये समोरचा गुडघ्यांवर असल्यामुळे तो धोका राहत नाही.

माझ्या मते मात्र शिकवायला सगळ्यात मोलाचा स्वीप सिझर नव्हे, हिप बंप. त्यात समोरच्याला ओढायचं नसतं. तो मागे रेलतो, छाती ताठ करतो, तेव्हाच तो लागतो. तुम्ही उठून बसता, एक हात मागे टेकवता, दुसरा हात त्याच्या खांद्यावरून पलीकडे टाकून त्याचा दंड आवळता, आणि कमरेने त्याला धक्का देत त्याच बाजूला वळता. तो आधीच मागे झुकलेला असतो, तुम्ही फक्त त्याच्या झुकण्यात भर घालता. खरी गंमत पुढे आहे. वाचण्यासाठी त्याने हात जमिनीवर टेकवला तर तोच हात किमुरा लॉकमध्ये सापडतो. डोकं खाली घालून पुढे रेटा दिला तर मान गिलोटिनमध्ये, म्हणजे पुढून आवळायच्या फासात येते. काहीच केलं नाही तर पडतो. तीन वाटा, आणि तिन्ही तुमच्या. स्वीप म्हणजे एक सुटा डाव नसतो, समोरच्याला पेचात टाकणाऱ्या प्रश्नाचा तो एक भाग असतो, हे शिकणाऱ्याला इथे पहिल्यांदा उमगतं. किमुरा हे नावही इतिहासातूनच आलं. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना मैदानात ज्यूदोपटू मासाहिको किमुराने ब्राझीलच्या ग्रेसी घराण्यातल्या एलियोचा हात याच कुलुपात मोडला. ज्या घराण्याला त्याने हरवलं, त्याच घराण्याच्या शाखेत आज ते कुलूप त्याच्या नावाने शिकवलं जातं.

आता इतिहासाकडे. पायांमध्ये माणूस धरून लढणं हा ब्राझीलचा शोध नव्हे. जपानमध्ये १९१४ पासून क्योतोच्या शाही विद्यापीठाच्या पुढाकाराने कोसेन ज्यूदोच्या स्पर्धा भरू लागल्या. विद्यार्थ्यांना शिकायला वेळ थोडा, उभ्याच्या फेकी घोटायला वर्षं लागतात, म्हणून त्यांनी जमिनीवरच्या कामाला धरलं. पाडण्याची वाट न बघता समोरच्याला सरळ खाली ओढायची त्यांना मुभा होती. ज्यूदोच्या मुख्य संस्थेने, कोदोकानने, १९२०च्या दशकात अशा ओढण्यावर बंधनं घातली आणि ज्यूदो पुन्हा पायांवर उभा राहिला. त्याआधीच कोदोकानचा मित्सुयो माएदा देशोदेशी कुस्त्या मारत १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला होता. पुढे बेलें शहरात कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला. कार्लोसचा धाकटा भाऊ एलियो अंगाने किरकोळ. खालून लढण्यावर त्याचा भर का पडला, ते त्याच्या अंगकाठीवरूनच कळतं.

बाकीच्या जगाला गार्ड दिसला तो १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये डेन्व्हरला, पहिल्या यूएफसीत, म्हणजे ठोसे-लाथांसह होणाऱ्या मुक्त लढतींच्या स्पर्धेत. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्याच घराण्यातल्या रॉयस ग्रेसीने आपल्याहून कितीतरी वजनदार डॅन सेव्हर्नला पंधरा मिनिटांहून जास्त वेळ खालून झेललं आणि शेवटी ट्रँगलमध्ये, म्हणजे पायांच्या फासात धरून टॅप करायला लावलं. या लढतीने गार्डला नाव मिळवून दिलं, पण स्वीपकडे दुर्लक्षही झालं. लोकांच्या डोक्यात बसलं ते एवढंच, की खालचा माणूस वरच्याचा गळा आवळतो. वर येणं हा दुय्यम मुद्दा राहिला.

स्पर्धेत मात्र वर येण्याला गुण होते, आणि म्हणून स्वीपची खरी वाढ स्पर्धेतच झाली. पहिली जागतिक स्पर्धा, मुंदियाल, १९९६ मध्ये रिओत भरली. तोवर बंद गार्डला लोक सरावले होते. ताठ पाठीने उभं राहून पाय उघडायला सगळेच शिकले होते. मग पाय उघडेच ठेवून लढायची वेळ आली. एक पाय वरच्याने पार केला की हाफ गार्ड, आणि हाफ गार्ड म्हणजे हरण्याच्या आधीचं शेवटचं स्टेशन, असं तोवर मानत. रॉबेर्तो कोहेया, टोपणनाव गोर्दो, याचा गुडघा दुखावला आणि त्याला पूर्ण गार्ड बांधता येईना. त्याने त्या शेवटच्या स्टेशनलाच ठाण मांडलं आणि तिथून स्वीपचा एक अख्खा खेळ उभा केला. आज हाफ गार्ड ही पहिल्या वर्षाला शिकवायची जागा आहे. रिकार्डो दे ला रिवाचं नाव मिळालेल्या गार्डमध्ये खालच्याचा पाय वरच्याच्या पुढच्या पायाला बाहेरून विळखा घालतो. वरचा उभा आहे, गुडघ्यांवर नाही, म्हणजे टेकू चारांवरून दोनांवर आले. उभा राहून बंद गार्ड उघडणाऱ्यावर तोडगा हवा होता, तो हा. या खेळाचा इतिहास असाच पुढे सरकतो: वरच्याने जे द्यायचं थांबवलं, त्याच्या जागी खालच्याने दुसरं काहीतरी काढलं.

मार्सेलो गार्सिया हा या वंशावळीतला माझा आवडता माणूस. २००३ साली साओ पाउलोच्या एडीसीसी स्पर्धेत तो ७७ किलोखाली जिंकला. या स्पर्धेत गी नाही, म्हणजे कॉलर नाही, बाही नाही, धरायला घामाने निसरडं अंग. त्याचं हत्यार बटरफ्लाय गार्ड. समोर बसायचं, दोन्ही पायांचे पंजे त्याच्या मांड्यांच्या आतून लावायचे, एक हात त्याच्या काखेखालून पाठीवर, दुसऱ्या हाताने त्याचा दुसरा हात बांधलेला. बांधलेल्या हाताच्या बाजूला आपण कलायचं आणि काखेखालच्या बाजूच्या पंजाने उचलायचं. इथे नवख्याची चूक ठरलेली: तो मागे पाठीवर पडतो. मागे पडलं की समोरच्याचं वजन छातीवर येतं आणि संपलं. कुशीवर, खांद्याच्या रेषेत पडावं लागतं. मार्सेलो पाठीवर कधी स्वस्थ पडलेला दिसत नाही, तो कायम बसलेला असतो. आणि समोरच्याने वजन मागे घेतलं, की तो एक्स गार्डमधून थेट त्याच्या पायांखाली शिरतो. चार वेळा एडीसीसी जिंकणाऱ्या या माणसाने आपल्याहून कितीतरी जड लोकांना उचललं. ताकदीला तो कमी होता असं नव्हे. पण वजन कुठे आहे हे त्याला क्षणभर आधी कळायचं, असं त्याच्या लढती पाहताना वाटतं.

त्यानंतरची पिढी गुंतागुंतीची. हाफाएल आणि गिलेर्मे मेंदेस, मग पाउलो आणि जोआओ मियाओ या भावांनी बेरिंबोलो गाजवला. दे ला रिवातून खालचा उलटी गिरकी घेत समोरच्याच्या खालून जातो आणि वर न येता सरळ पाठीमागे निघतो. स्वीप म्हणायचं की पाठ घेणं म्हणायचं, असा प्रश्न इथे पडतो. दोन्ही खेळाडूंचे पाय एकमेकांत सारखेच गुंततात असा फिफ्टी-फिफ्टी आला. केनन कॉर्नेलियसने २०१४ च्या सुमारास समोरच्याच्याच गीचा पल्ला त्याच्या पायाभोवती गुंडाळून धरायचा वर्म गार्ड रूढ केला. हुशारी सगळ्यांतच आहे, पण सगळ्यांची किंमत सारखी नाही. पल्ल्याचे गार्ड नियमांच्या आणि कापडाच्या पोटी जन्मले आहेत; गी काढला की ते उरत नाहीत. बटरफ्लाय गी घालूनही चालतो, काढूनही चालतो.

नियमांनी खेळ कसा वाकवला हे फिफ्टी-फिफ्टीत सगळ्यात स्पष्ट दिसलं. दोघांचे पाय सारखेच अडकलेले. एक वर आला, दोन गुण. दुसरा वर आला, दोन गुण. ब्लॅक बेल्टची दहा मिनिटांची लढत अशी झोपाळ्यावर जायची आणि शेवटी वर कोण होतं यावर निकाल लागायचा. प्रेक्षक कंटाळायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. दुसरा प्रकार दुहेरी गार्ड ओढण्याचा. उभ्याने पाडण्याची भानगड नको म्हणून दोघेही एकदम खाली बसतात आणि एकमेकांच्या पायांशी खेळत राहतात. त्यावर पंचाची वीस सेकंदांची मोजणी आली आणि मोजणीत कोणीच हललं नाही तर दंड. एडीसीसीने वेगळा रस्ता धरला. स्वीप करून समोरच्याच्या गार्डमध्येच अडकलात तर दोन गुण, गार्ड पार करून स्वच्छ वर आलात तर चार. लढतीच्या गुण चालू असलेल्या भागात स्वतःहून गार्ड ओढला तर उणे एक. हा हिशेब मला जास्त पटतो. स्वीप कशासाठी, याचं उत्तर त्यात आहे: वर येऊन काहीतरी करण्यासाठी.

याच्या दुसऱ्या टोकाला हॉजर ग्रेसी. दहा वेळा जागतिक विजेता, आणि त्याचा खेळ पहिल्या वर्षीच्या पाठांचा. बंद गार्ड, माउंट, कॉलरचा आडवा गळफास. नव्या गार्डांच्या गर्दीत त्याने सिद्ध केलं की जुनं निरुपयोगी झालेलं नाही, लोकांनी ते नीट करायचं सोडलं आहे. अर्थात हॉजर उंचपुरा, पाय लांब. प्रत्येकाला त्याचा बंद गार्ड जमेल असं नाही.

ठोसे आले की सगळं बदलतं. एमएमएत स्वीपला वेगळे गुण नाहीत आणि खाली पडलेला माणूस पंचांच्या डोळ्यांत हरत असतो. वरून कोपर बसतात, आणि पिंजऱ्याच्या भिंतीला पाठ लावून उभं राहणं स्वीपपेक्षा सोपं पडतं. म्हणून बहुतेक लढवय्ये गार्डमध्ये वेळ घालवत नाहीत. पण अपवाद ठळक आहेत. २००२ साली टोकियोत अंतोनियो रॉद्रिगो नोगेरासमोर बॉब सॅप होता, दीडशे किलोहून जास्त वजनाचा. त्याने पहिल्या फेरीत नोगेराला उचलून डोक्यावर आपटलं. सॅप दमल्यावर दुसऱ्या फेरीत नोगेराने त्याचा हात आर्मबारमध्ये धरला. पुढे डेमियन माइयाने हाफ गार्डमधून समोरच्याचा पाय धरून वर यायचं आणि तिथून पाठीवर चढायचं, एवढ्या एका वाटेवर मोठी कारकीर्द केली. माइयाचा स्वीप दिसायला टेकडाउनसारखाच दिसतो, आणि इथेच गेल्या काही वर्षांतला कल येऊन मिळतो.

गी नसलेल्या खेळात आता 'रेसल अप' सगळीकडे ऐकू येतं. खालचा उलथवायच्या भानगडीत पडत नाही. बसतो, पाय धरतो, उभा राहतो आणि कुस्तीगिरासारखा सिंगल लेग पूर्ण करतो. जॉन डॅनहरच्या शिष्यांनी, त्यातही गॉर्डन रायनने, याला पायाच्या कुलुपांची जोड दिली. स्वीप टाळायला समोरच्याने वजन मागे घेतलं की पाय मोकळा होतो, पाय मोकळा झाला की टाच सापडते. टाच वाचवायला तो पुढे आला तर पलटी. हिप बंपमधला पेच तोच, जागा बदलली. आणि तालमीतल्या पोराच्या दृष्टीने ही वाट सगळ्यात जवळची, कारण उठून पट काढणं हे त्याच्या रक्तात आधीच आहे. त्याला शिकायचं आहे ते फक्त उठण्याआधीचं अर्धं: पाय मध्ये ठेवून शांत बसणं.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल एक तक्रार करायची आहे. बऱ्याच ठिकाणी स्वीप असा शिकवतात: जोडीदार बाहुल्यासारखा बसलेला, दहा वेळा उजवीकडे, दहा वेळा डावीकडे, मग रोलिंग, म्हणजे मोकळी झुंज. रोलिंगमध्ये जोडीदार बाहुल्यासारखा बसत नाही आणि शिकलेलं हवेत विरतं. त्यापेक्षा गार्डमधून सुरुवात करायची, खालच्याने फक्त स्वीप करायचा, वरच्याने फक्त पार करायचं, कोणाचंही जमलं की पुन्हा तिथून. अशा खेळात शिकणाऱ्याला समोरच्याचं वजन कधी पुढे येतं आणि कधी मागे जातं ते अंगाला कळतं. डाव कुठला लावायचा हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.

एवढं करूनही बरेच स्वीप शेवटच्या टप्प्यात वाया जातात. समोरचा पडतो, स्वीप करणारा खूश होतो आणि अर्धवट उठून पकड सोडतो. पडलेला तेवढ्यात कुशीवर वळतो, गुडघा मध्ये घालतो आणि पुन्हा गार्ड बांधतो, किंवा उलट्या पलटीने वर येतो. तीन सेकंद पुरे होत नाहीत. समोरचा पडत असतानाच बाहीची मूठ घट्ट ठेवायची असते, छाती त्याच्या छातीला चिकटवून त्याच्या मागोमाग जायचं असतं, आणि आतला गुडघा त्याच्या पायांमधून पार काढायचा असतो. हा गुडघा निघाला की माउंट किंवा साइड कंट्रोल, म्हणजे बाजूने छातीवर दाबून धरणं. अडकला तर तुम्ही त्याच्या हाफ गार्डमध्ये आहात, आणि आता पलटीचं काम त्याच्याकडे आहे.